कालिया कोण होणार?

‘शक्तिमान’ची लढाई संपली की शेवटी ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ यायच्या. चांगल्या सवयींचा तो डोस ऐकून घरातली मोठी माणसं समाधानानं मान डोलवायची. पोरं तोवर अंगणात पोचलेली, एक हात वर करून गरागरा फिरत. १९९७ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या या मालिकेनं एका पिढीला फिरायला शिकवलं, एवढं छातीठोकपणे सांगता येईल. सवयींचं मात्र देव जाणे.

शेवटी तात्पर्य जोडलं की गोष्ट संस्कारक्षम झाली, हा आपला जुना समज. इसापनीती वाचून वाढलेली माणसं आपण! पण पाच वर्षांच्या मुलाला वीस मिनिटांची मारामारी मारामारी म्हणूनच दिसते. शेवटच्या मिनिटाची माफी त्याच्या लेखी जाहिरातीइतकीच.

१९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी बालवाडीतल्या मुलांना एक फिल्म दाखवली. तीत एक माणूस बोबो नावाच्या फुगवलेल्या बाहुल्याला बदडतो. काही मुलांच्या फिल्ममध्ये शेवटी त्याला बक्षीस मिळतं, काहींच्या फिल्ममध्ये शिक्षा. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. इथवर तात्पर्याची सरशी. मग मुलांना सांगितलं, पाहिलंत ते करून दाखवा, खाऊ-बक्षीस मिळेल. त्याबरोबर त्याच मुलांनी बदडण्याचे प्रकार इतरांइतक्याच सफाईनं करून दाखवले. शिकून केव्हाच झालं होतं, बाहेर तेवढं काढलं नव्हतं.

आमच्या सोसायटीत संध्याकाळी पोरं ‘छोटा भीम’ या कार्टून मालिकेचा खेळ खेळतात. भीम कोण होणार यावरून रोज भांडण. त्याच्याशी दांडगाई करणारा कालिया कोण, यावरून कधीच नाही. ‘तू जाड्या ना, तू कालिया.’ तो मुकाट्यानं पार्किंगच्या खांबापाशी जाऊन उभा राहतो. मालिकेतला कालिया आधी काहीतरी खोडी तरी काढतो. इथे तेवढीही उसंत नाही, सगळे थेट तुटून पडतात. दांडगाई करू नये, हा मालिकेतल्या ढोलकपूरचा धडा. पोरांनी उचललं ते निराळंच: कुणाला मारलेलं चालतं.

कार्यक्रम बंद करा म्हणणाऱ्यांतला मी नाही. बंदीनं मुलं शेजारच्या घरी जाऊन बघतात. पण चालू भागात, कालियाची फजिती होऊन सगळे हसत असताना, ‘त्याला आत्ता कसं वाटलं असेल रे?’ एवढं कुणी विचारलं, तर शेवटच्या उपदेशापेक्षा ते आत जाईल, असं मला वाटतं. अडचण इतकीच, की त्या वीस मिनिटांत आपल्याला कुकर लावायचा असतो.

परवा बाकावरच्या आजींनी पोरांना हटकलं, ‘अरे, काय केलं त्यानं?’

‘आजी, तो कालिया आहे!’ भीम म्हणाला, आणि पुन्हा कामाला लागला.