निरोप पोचला पाहिजे

हॉटलाइन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अमेरिकेच्या अध्यक्षांच्या टेबलावरचा लाल फोन येतो. आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकवताना दर वर्षी पहिल्याच तासाला मी विद्यार्थ्यांना सांगत असे, की असा फोन तिथे बसवलाच नव्हता. ३० ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात सुरू झाली ती टेलिप्रिंटरची लाइन. अटलांटिकच्या तळातून लंडन, मग कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी करत ती मॉस्कोला पोचत होती. तोंडी बोलण्यात शब्द घसरतो, म्हणून मजकूर लेखीच पाठवायचा, आणि ज्याने त्याने आपापल्या भाषेत, असं ठरलं. लाइन चालू आहे ना, हे पाहायला तासातासाला चाचणीचा मजकूर जाई. अमेरिकन ऑपरेटर शेक्सपिअर, मार्क ट्वेन यांचे उतारे पाठवत. रशियन ऑपरेटर चेखवचे.

ही लाइन टाकावी लागली ती आदल्या वर्षीच्या धसक्याने. ऑक्टोबर १९६२मध्ये क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून १३ दिवस जगाने श्वास रोखून धरला होता. त्या दिवसांत ख्रुश्चेव्ह यांचं एक पत्र वॉशिंग्टनमध्ये पूर्ण हाती यायला जवळजवळ १२ तास लागले. सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांच्या सांकेतिक तारा न्यायला तार कंपनीचा मुलगा सायकलवरून वकिलातीत येई.

लाइनचा उपयोग चार वर्षांनी झाला. जून १९६७च्या अरब-इस्रायल युद्धात अमेरिकेच्या ‘लिबर्टी’ जहाजावर हल्ला झाला. मदतीला निघालेली अमेरिकन विमानं पाहून रशियाने भलता अर्थ काढू नये, म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी पंतप्रधान कोसिगिन यांना ताबडतोब कळवलं. त्या वेळी व्हिएतनाममध्ये हे दोन देश एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना उभे होते.

गावाकडे बांधावरून पिढ्यानपिढ्या कोर्टात भांडणारे भाऊबंद मी पाहिले आहेत. सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी मात्र ते मोडत नाहीत. पाळी मोडली, तर दोघांचंही पीक जळतं. महासत्तांमधलं सहकार्य याच जातीचं असतं. त्याला मैत्री लागत नाही, फारसा विश्वासही लागत नाही. लागते ती शिस्त.

२०१० साली प्राग इथे अमेरिका आणि रशिया यांनी सही केलेला ‘न्यू स्टार्ट’ करार हे त्या शिस्तीचं उत्तम उदाहरण. तैनात अण्वस्त्रांची मर्यादा प्रत्येकी १,५५०. वर्षाला प्रत्येकी १८ तपासण्या. रशियन निरीक्षक अमेरिकेच्या तळावर येणार, अमेरिकन निरीक्षक रशियाच्या. कुठलं क्षेपणास्त्र पाहायचं, ते पाहुण्याने निवडायचं. मग यजमान त्याचा पुढचा भाग उघडून दाखवणार. आतल्या प्रत्येक अस्त्रावर आच्छादन असे, म्हणजे रचना गुप्त राही. निरीक्षक आच्छादनं मोजत आणि आकडा कागदाशी ताडून पाहत. अशा ३२८ तपासण्या झाल्या. २५,०००हून अधिक सूचनांची देवाणघेवाण झाली. अमुक क्षेपणास्त्र दुरुस्तीला नेलं, अमुक बॉम्बर विमान दुसऱ्या तळावर हलवलं, असा हा रोजचा रुक्ष मजकूर. मला तो फार मोलाचा वाटतो.

मार्च २०२०मध्ये कोविडमुळे या तपासण्या थांबल्या. युक्रेन युद्ध पेटलं, आणि फेब्रुवारी २०२३मध्ये रशियाने करारातला आपला सहभाग स्थगित केला. कराराची मुदतही ५ फेब्रुवारी २०२६पर्यंतचीच होती. जगातली सुमारे ९० टक्के अण्वस्त्रं अमेरिका आणि रशिया या दोन देशांकडे आहेत.

चीनचा अण्वस्त्रांचा साठा ६००च्या घरात गेला आहे आणि तो मोजणारा असा कुठलाही करार नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये अमेरिकेने आपल्या हद्दीत शिरलेला चिनी बलून पाडला. त्याच दिवशी अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी चिनी संरक्षणमंत्र्यांशी फोनवर बोलायची तयारी दाखवली. चीनने नकार दिला. राग आला की आधी बोलणं बंद, ही सवय अण्वस्त्रधारी देशांना परवडणारी नाही. पुढे अमेरिका आणि चीन यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. नोव्हेंबर २०२४मध्ये लिमा इथे बायडन आणि शी जिनपिंग यांनी मान्य केलं, की अण्वस्त्र वापरण्याचा निर्णय कृत्रिम बुद्धिमत्तेकडे न देता माणसाच्याच हाती ठेवायचा. स्पर्धा ऐन भरात असतानाही एवढं ठरू शकलं.

मात्र निरोप पाठवला म्हणजे काम झालं, असं नाही. २५ जानेवारी १९९५ रोजी नॉर्वेच्या आंडोया बेटावरून शास्त्रज्ञांनी ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी रॉकेट सोडलं. रशियन रडारवर ते पाणबुडीतून सुटलेल्या क्षेपणास्त्रासारखं दिसलं. अध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रं सोडण्याचा आदेश देण्यासाठीची ब्रीफकेस उघडली गेली. काही मिनिटांनी रॉकेटची दिशा वेगळी असल्याचं स्पष्ट झालं आणि धोका टळला. नॉर्वेने या उड्डाणाची आगाऊ सूचना मॉस्कोला दिली होती. ती रडारवर बसलेल्या माणसांपर्यंत पोचलीच नव्हती.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. महासत्तांच्या शिखर परिषदेची बातमी वाचताना हस्तांदोलनाचा फोटो जरूर पाहा. पण त्यांच्यात तपासण्या, सूचना, हॉटलाइन चालू आहेत का, हेही शोधा. आणि हे दूरच्या देशांपुरतं आहे, असं समजू नका. भारत आणि पाकिस्तान यांनी १९८८ साली एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. त्यानुसार १९९२पासून दर १ जानेवारीला दोघे आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलच्या युद्धानंतरच्या १ जानेवारीलाही ती दिली गेली होती.