उंब्रजचा थांबा आणि काडीवरच्या दोन खुणा

साताऱ्याहून महामार्गाने दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशास सुमारे पस्तीस किलोमीटरवर उंब्रज लागते. कराड तालुक्यातील हे गाव नद्यांच्या आणि वाटांच्या संगमावर वसले आहे. पश्चिमेच्या डोंगरांतून उतरलेली तारळी येथे कृष्णेस मिळते. पूर्वेस कृष्णा ओलांडून मसूरकडे रस्ता जातो, पश्चिमेस चाफळकडे, आणि चरेगाव-मल्हारपेठमार्गे पाटण व कोयनेच्या खोऱ्याकडेही येथूनच वळावे लागते. समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक उंब्रजला आहे. मसूर, माजगाव आणि चाफळचे मारुतीही याच परिसरात असल्याने त्या फेरीस निघालेले तरुण दुचाकींवरून येथे उतरलेले नेहमी दिसतात. काळी जमीन, उसाचे मळे, महामार्गाच्या सेवारस्त्यालगतची दुकाने, चहाची टपरी, पंक्चरवाला आणि मोटारसायकल दुरुस्त करणारा मिस्त्री, असे या गावाचे आजचे दर्शनी रूप आहे.

व्यापारी कुटुंबांना हा रस्ता परका नाही. पुणे, सातारा, कराड, सांगली, इचलकरंजी, कोल्हापूर या पेठांना जोडणारा हाच मार्ग. कुंभोजच्या बाहुबली क्षेत्री दर्शनास जाणारी पुण्या-साताऱ्याकडची कुटुंबे याच वाटेने जातात. मोठी मंडळी चारचाकीने किंवा एस. टी. ने जात असली, तरी दुकानातील तरुण मुलगा उधारीच्या वसुलीस, नमुने दाखवण्यास, सुट्या मालाची पोती पोहोचवण्यास आजही मोटारसायकलच काढतो. खेड्यापाड्यांतील किरकोळ दुकानदारापर्यंत पोहोचण्यास तिच्याइतके सोयीचे आणि स्वस्त वाहन दुसरे नाही.

या प्रवासात एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. चारचाकी वाहनास आनेवाडीच्या, पुढे तासवड्याच्या टोलनाक्यावर थांबावेच लागते. दुचाकीला टोल नाही, म्हणून सक्तीचा थांबाही नाही. पुण्याहून निघालेला तरुण खंबाटकीचा चढ चढतो, साताऱ्याला वळसा घालतो आणि उंब्रज येईतो त्याच्या गाडीचे सुमारे एकशेचाळीस किलोमीटर झालेले असतात. हवेने थंड होणारे लहान इंजिन, पाठीवर दुसरा स्वार, बाजूला सामानाच्या पिशव्या आणि सतत पिळलेला ॲक्सिलेटर. इतक्या श्रमानंतर इंजिनाच्या पोटात किती तेल उरले आहे, हे विचारणारा वाटेत कोणी नसतो. तो प्रश्न ज्याचा त्यानेच विचारावा लागतो, आणि त्यासाठी उंब्रजसारखी जागा शोधून सापडणार नाही.

लिटरभर तेलाची तीन कामे

शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलीत इंजिन ऑइल भरते ते एक लिटरच्या आसपास. मोटारीच्या मानाने हा साठा फारच तुटपुंजा आहे. आणि मोटारीत जे काम दोन-तीन निरनिराळ्या तेलांत वाटलेले असते, ते येथे एकाच तेलास करावे लागते. पिस्टन व सिलिंडर यांच्यामधील घर्षण तेच कमी करते, गिअरचे दातेही त्याच तेलात फिरतात, आणि क्लचच्या पट्ट्याही त्यातच बुडालेल्या असतात. शिवाय धातूची उष्णता वाहून नेणे आणि झिजेचा कस पोटात घेणे हेही त्याचेच काम. म्हणून साठ्यातले पाव लिटर कमी झाले, तर मोटारीत जे क्षम्य ठरते ते येथे ठरत नाही.

याच कारणाने मोटारीचे ऑइल स्वस्त मिळाले म्हणून दुचाकीत घालू नये. काही मोटारींच्या तेलांत घर्षण फार कमी करणारी द्रव्ये असतात. ती मोटारसायकलच्या ओल्या क्लचला मानवत नाहीत, क्लच घसरू लागतो आणि चढावर इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही. दुचाकीच्या डब्यावर ‘जासो एमए’ अशी जपानी मानकाची खूण असते ती एवढ्यासाठीच. तसेच ‘१० डब्ल्यू-३०’ किंवा ‘२० डब्ल्यू-५०’ या आकड्यांतील ‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा: पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहील ते सांगतो, दुसरा तापल्यावर त्याचा दाटपणा किती टिकेल ते. कंपनीच्या पुस्तिकेत जो आकडा दिला असेल, तोच घ्यावा.

जुन्या पिढीस ही दक्षता वेगळ्या रूपाने ठाऊक होती. बजाजची चेतक १९७२ साली आली. राजदूत, येझदी याही गाड्या दोन स्ट्रोकच्या. त्यांचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळले जाई आणि त्याच्याबरोबर जळून जाई. पंपावर पेट्रोलसोबत ऑइल मागण्याची सवय त्या काळच्या प्रत्येक स्वाराच्या जिभेवर होती. १९८५ मध्ये हिरो होंडाची चार स्ट्रोकची सीडी १०० आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा, अशा आशयाची तिची जाहिरात गाजली. पेट्रोलपुरते ते खरेही होते. पण त्या विसरण्यात ऑइलही विसरले गेले. चार स्ट्रोकच्या इंजिनात तेल वेगळे राहते, आणि ते कमी झाल्याचे पंपावर कोणी सांगत नाही.

कृष्णाकाठच्या शेतकऱ्यास मात्र हे शिकवावे लागले नाही. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या या मुलखात, वीज पोहोचण्यापूर्वी नदीचे पाणी मळ्यात चढवले ते ऑइल इंजिनांनी. इंजिन सुरू करण्याआधी काडी काढून तेल पाहणे हा तेथील कामाचा भागच होता. कारण ऐन पाळीच्या दिवशी इंजिन बसले तर ऊस वाळत असे.

मापण्याची रीत

रीत सोपी आहे, परंतु तिच्यात घाई चालत नाही. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावावी. साइड स्टँडवर ती डावीकडे कलते, तेल एका अंगाला जाते आणि माप खोटे येते. महामार्गाचा उतरता कडा किंवा मातीचा उंचवटा यासाठी निरुपयोगी. फरसबंद अंगण किंवा दुकानापुढचा सिमेंटचा ओटा बरा. इंजिन थंड असेल तर तीन ते पाच मिनिटे चालू ठेवावे, मग बंद करून दोन-तीन मिनिटे थांबावे. वर गेलेले तेल तेवढ्या वेळात खाली उतरते. लांबून आलेल्या गाडीचे इंजिन कढत असते, तेव्हा चहा होईपर्यंत थांबणे हेच योग्य. हात भाजणे टळते आणि मापही खरे येते.

बहुसंख्य लहान गाड्यांना इंजिनाच्या उजव्या अंगाला, खालच्या बाजूस, झाकणालाच जोडलेली काडी असते. तिलाच डिपस्टिक म्हणतात. प्रथम झाकणाभोवतीची धूळ पुसावी, नाहीतर तीच आत पडते. मग झाकण उघडून काडी बाहेर काढावी, स्वच्छ फडक्याने कोरडी करावी आणि पुन्हा आत सोडावी. येथेच बहुतेकांची चूक होते. हिरो-होंडा घराण्याच्या बऱ्याच गाड्यांत ही काडी मापताना आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. आटे आवळले तर काडी अधिक खोल जाते आणि तेल आहे त्याहून जास्त दिसते. आपल्या गाडीची रीत पुस्तिकेत पाहून घ्यावी. काही गाड्यांत काडीऐवजी इंजिनाच्या कडेला काचेची लहान खिडकी असते. तेथे गाडी सरळ उभी धरून तेलाची रेषा पाहायची.

काडीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोहोंच्या मध्ये, शक्यतो वरच्या खुणेजवळ असावे. खालच्या खुणेखाली गेले असेल तर त्याच प्रतीचे ऑइल एका वेळी शंभर मिलीलिटरच्या आसपास घालावे, थांबावे आणि पुन्हा मापावे. अधिक घातलेले बरे, हा हिशेब येथे लागू नाही. वरच्या खुणेपलीकडे गेलेले तेल आत घुसळून फेसाळते, सील फोडून गळू लागते आणि एअर फिल्टरपर्यंत पोहोचते.

मापासोबत रंगही पाहावा. काळसर रंग म्हणजे तेल बिघडलेच असे नव्हे; ते आपले काम करीत असल्याचीही ती खूण असते. बोटांच्या चिमटीत कणकण लागले तर मात्र मिस्त्रीस दाखवावे. खूण न घालता वाढलेली दिसली तर आनंद मानू नये: पेट्रोलचा वास येत असल्यास कार्ब्युरेटरमधून पेट्रोल उतरले आहे, आणि तेल दुधाळ चहासारखे दिसत असल्यास त्यात पाणी शिरले आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कराडपासून सांगली-कोल्हापूरपर्यंत असंख्य दुचाकी पाण्याखाली गेल्या. महामार्गही शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता. पाणी ओसरल्यावर उत्साहाने किक मारणाऱ्यांनी पाणी मिसळलेले ते तेल सगळ्या इंजिनात फिरवले. बुडालेली गाडी सुरू न करता आधी ऑइल काढून टाकणे, हाच तिला वाचवण्याचा मार्ग होय.

विहाराच्या सोबतीची गाडी

आपल्या समाजात मोटारसायकलीचा एक उपयोग असा आहे, जो कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेला नाही. चातुर्मास संपला, कार्तिकी पौर्णिमा झाली की साधू-साध्वींचे विहार सुरू होतात. महामार्गाने पायी चालणाऱ्या संघाच्या पुढे-मागे गावोगावचे तरुण दुचाकीवरून सोबत करतात. तेच दिवस साखर कारखान्यांच्या गाळपाचे. उंब्रज-कराडच्या टापूत उसाने लादलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात, त्यांतल्या कित्येकींना मागचा दिवाही नसतो. आणि कृष्णाकाठी सकाळी धुके उतरते. अशा वेळी मागून येणाऱ्या वाहनास सावध करणारा तो एक दिवा आणि तो एक तरुण, एवढेच संघाचे संरक्षण असते.

पण या सेवेत गाडीवर जो ताण पडतो तो ताशी साठच्या वेगातही पडत नाही. माणसाच्या चालीने पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून गाडी सरपटत राहते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनास वारा मिळत नाही. घासणाऱ्या क्लचची उष्णता त्याच लिटरभर तेलात उतरते. तेल तापून पातळ होते, थोडे थोडे जळतेही. आठ-दहा दिवस असेच चालल्यावर काडीवरची रेषा किती खाली गेली, हे न पाहता तोच तरुण परतीच्या वाटेला लागतो आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेतो. धोका तेथे आहे. तेलाविना तापलेला पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला, म्हणजेच इंजिन सीझ झाले, तर मागचे चाक एकाएकी जागच्या जागी थांबते. मागून ट्रक येत असेल तर पुढचे सांगण्याची गरज नाही. इंजिन अचानक जड झाल्याचे, आवाज बदलल्याचे जाणवताच क्लच पूर्ण दाबावा, म्हणजे चाक मोकळे होते, आणि गाडी हळूहळू कडेला घ्यावी. हे प्रत्येक घरातील मुलास आणि मुलीस ठाऊक असले पाहिजे.

विहारात गाडी सरपटवण्यापेक्षा थोडे अंतर पुढे जाऊन, इंजिन बंद करून, दिवा दाखवीत उभे राहणे गाडीलाही बरे आणि सोबतीलाही. दोघा-तिघांनी पाळी लावून घ्यावी. रोज निघण्यापूर्वी काडी पाहावी आणि कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरांच्या आधीच ऑइल बदलावे. चार हात भूमी निरखून पाऊल टाकणाऱ्या साधूंच्या सोबतीस निघणाऱ्याने स्वतःच्या वाहनाकडे न पाहता निघणे हे ईर्यासमितीच्या भावनेशी सुसंगत नाही.

याच भावनेतून आणखी एका गोष्टीची आठवण ठेवावी लागते. काढलेले जुने ऑइल गटारात, बांधावर किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतण्याची चाल अजून गेलेली नाही. मुंग्या, गांडुळे आणि मातीतले अगणित सूक्ष्म जीव त्या काळ्या थराखाली गुदमरतात. पावसात तेच तेल तारळीत आणि तारळीतून कृष्णेत उतरते. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात धरले आहे. जबाबदार मिस्त्री ते पिंपात साठवून पुनर्प्रक्रियेसाठी देतो. ऑइल बदलून घेताना ‘जुने कुठे टाकता?’ एवढे विचारले, तरी पुष्कळ फरक पडतो.

उंब्रजपासून कोल्हापूर अजून नव्वद किलोमीटरच्या आसपास उरते; चाफळची वाट डोंगराच्या अंगाने वळणे घेत जाते; पाटणची त्याहून लांब. पुढची वाट कोणतीही असो, संगमावरच्या या गावी चहा उकळेपर्यंतचा वेळ मोकळाच असतो. तेवढ्यात इंजिन निवते, फडके हाताशी असते, आणि काडीवरची रेषा वाचून होते. रेषा वरच्या खुणेजवळ असेल तर पुढे निघावे. खाली असेल तर सेवारस्त्यावरच्या दुकानात ऑइलचा डबा मिळतो. तो घेऊन, घालून, पुन्हा एकदा मापून मगच महामार्गावर चढावे.