तुझ्या एक मेच्या फिल्मबद्दल

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)

चि. बाळ,

तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला, त्याखालचा तुझा बेतही वाचला. कारखान्याच्या नावाने उघडपणे बोलायचं, ‘परप्रांतीयांना हाकला’ म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायचं, हे तुझ्या मनात आलं याने ऊर भरून आला. सूनबाईला सांग, मी रागावलेली नाही. पण चार गोष्टी सुनावणार आहे, त्या ऐकून घे.

व्हिडिओतल्या हॅम्बुर्गच्या त्या एडेका दुकानाने २०१७ मध्ये फळ्यांवरून परदेशी माल काढून घेतला. स्पेनचे टोमॅटो नाहीत, ग्रीसचे ऑलिव्ह नाहीत. गिऱ्हाईक रिकाम्या फळ्यांकडे बघत राहिलं. आता तू आनंदनगर एमआयडीसीतल्या आपल्या शेडमध्ये तेच करणार. बाहेरच्या राज्यातली सगळी मुलं बाजूला उभी करायची, बंद मशिनं दाखवायची, मग एकेकाचा चेहरा, नाव, गाव. आणि एक मेला, महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन साधून, सगळीकडे पाठवायचं. कल्पना चांगली आहे रे. पण टोमॅटोला कुणी स्टेशनपासून खोलीपर्यंत पाठलाग करून मारत नाही. २००८च्या ऑक्टोबरात रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मुंबईत, आपल्या शेजारच्या कल्याणात कसं झोडपलं, ते विसरलास? त्यांची तर नावंही कुणाला ठाऊक नव्हती. तू नावासकट चेहरे देणार आहेस.

तनिष्कचं आठव. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांची जाहिरात आली होती, मुसलमान सासू हिंदू सुनेचं डोहाळजेवण करते ती. किती गोड होती! गदारोळ उठला आणि काही दिवसांतच कंपनीने ती मागे घेतली. दुखावलेल्या भावनांबरोबर दुकानांतल्या माणसांची काळजी हेही कारण दिलं. टाटांच्या घरातल्या कंपनीची ही गत. आणि त्याची झळ कुठे पोचली? गुजरातेत गांधीधामला. तिथल्या दुकानाला धमक्यांचे फोन येत होते, दारावर हाताने लिहिलेली माफीची चिठ्ठी लावावी लागली. जाहिरात कुणी काढली आणि माफी कुणी मागितली, बघ. मला जास्त लागलं ते आणखी एका कारणाने. गांधीधाम म्हणजे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी भाई प्रताप यांनी उभं केलेलं गाव. आपलं उल्हासनगर तरी दुसरं काय? लष्कराच्या रिकाम्या बराकींत सिंधी कुटुंबं येऊन राहिली, १९४९ मध्ये त्या कॅम्पाला उल्हासनगर नाव मिळालं. तुझ्या लग्नाचा सगळा बस्ता कॅम्प दोनमधूनच घेतला होता ना? बाहेरून आलेल्यांनीच वसवलेल्या गावात, माणसं एकत्र नांदावीत म्हटल्याबद्दल माफी लिहून लावायची! असो, मी भरकटते.

मुद्दा असा, की बोलण्याची किंमत बोलणाऱ्याने स्वतः मोजावी. त्याच महिन्यात बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांनी सांगितलं, की विखार पसरवणाऱ्या तीन वाहिन्या आम्ही जाहिरातींच्या यादीतून काढल्या आहेत. मालक स्वतःच्या तोंडाने बोलला, पैसा स्वतःचा अडकला होता. शोरूममधल्या पोराला पुढे केलं नाही. आणि शाहू महाराज! गंगाराम कांबळ्यांना त्यांनी कोल्हापुरात हॉटेल काढून दिलं, तेवढ्यावर थांबले नाहीत. भर रस्त्यात गाडी थांबवून तिथला चहा मागवायचे, स्वतः प्यायचे, बरोबरच्या मंडळींना प्यायला लावायचे. दलिताच्या हातचा चहा महाराज घेतात हे गावाने डोळ्यांनी पाहिलं. बोट दाखवायचं तर ते महाराजांकडे दाखवावं लागलं. गंगारामांना एकटं उभं करून महाराज राजवाड्यात बसले नाहीत.

आता माझं जुनं दुखणं. टाइम ऑफिसात आयुष्य गेलंय माझं, हजेरीपुस्तक बघितलं की मला पुढचं दिसतं. ठेकेदार त्या मुलांना रोज काय देतो, तू कधी विचारलंस? बारा तास उभं राहून आठ तासांची हजेरी लागते का? पीएफ कापतो, तो भरतो का? बेलवलीचा, मांजर्लीचा मुलगा गेटवर येतो, पगाराची स्लिप मागतो, म्हणून त्याला जागा नाही सांगतात. दुसऱ्या दिवशी त्याच जागी बिहारचा मुलगा दिसतो. तो बिचारा स्लिप मागू शकत नाही, कारण राहायची खोलीही ठेकेदाराचीच. बेलवलीच्या मुलाला वाटतं, याने माझी भाकरी पळवली. पळवली ठेकेदाराने, आणि बिलं पास करतोस तू! बाहेरून आणलेल्या कामगाराला त्याच कामाचा स्थानिकाइतकाच दाम द्यावा, हे १९७९च्या कायद्यातच होतं. दोघांना एकच दर दे, दोघांच्या हातात स्लिप दे. मग बिहारचा मुलगा स्वस्त म्हणून घेतला जाणार नाही आणि बेलवलीचा महाग म्हणून परत जाणार नाही. एवढं केल्याशिवाय त्या दोघांना एका फ्रेममध्ये हसायला सांगायचा तुला हक्क नाही, हे मी तुझ्या तोंडावरही सांगेन.

फिल्म करूच नको असं मी म्हणत नाही. कर. पण त्यात तू बोल, मराठीत बोल, दर पाटीवर लाव आणि ती पाटी दाखव. मुलांचे चेहरे नकोत. त्यांना विचारलंयस का तू? साहेबांनी विचारलं तर ती हो म्हणणारच, म्हणून ठेकेदाराला आणि सुपरवायझरला बाहेर पाठवून विचार.

मला झोप नाही रे. दोन तारखेला पहिल्या पाळीची मुलं अंबरनाथ स्टेशनवरून चालत येतील, तेव्हा गेटवर तू स्वतः असणार आहेस की नुसता वॉचमन, तेवढं मला फोन करून कळव.

तुझी,
आत्या