ओरखडा

परवा कोठीच्या बाजारातून मी दोन जुनी वस्तुभिंगे घरी आणली. सूक्ष्मदर्शकाच्या नळीच्या तळाशी बोटाच्या दोन पेरांएवढी जी धातूची कुपी असते आणि जिला आमच्या प्रयोगशाळेत सारेजण 'ऑब्जेक्टिव्ह' म्हणत, तीच ही वस्तू. दोन्ही शंभरपटीची, तेलाच्या थेंबात टेकवून वापरावयाची. आदिलाबादकडील एका आडगावी माझी भाची दवाखाना चालविते. तिथले भिंग निकामी झाले आणि नवे घेण्याची ऐपत नाही. "मामा, चालेल की नाही, एवढेच पाहून सांगा," असा तिचा निरोप होता. हिवतापाचा कौल पाव तासात देणाऱ्या पट्ट्या हल्ली मिळतात, हे खरे. परंतु रक्तात जंतू किती आहेत आणि औषधाने ते उतरत आहेत की नाहीत, हे जाणण्यास अजूनही काचपट्टी आणि माणसाचा डोळा यांचाच आधार आहे.

दुकानदाराने पहिले भिंग हातावर ठेवले ते अगदी लखलखीत. दुसऱ्याच्या पुढच्या काचेवर ओरखडा होता. त्याची किंमत त्याने मी न विचारताच निम्म्यावर आणली. दोन दिवस दोन्ही घरी ठेवून पाहण्याची मुभा त्याने दिली, हा त्याचा चांगुलपणा. लखलखीत भिंग घेऊन मोकळे व्हावे, असेच कोणाही शहाण्या माणसाला वाटले असते. मलाही एकदा तसे वाटले होते.

त्या गोष्टीला आता तीसएक वर्षे झाली. एका लहान प्रयोगशाळेतील साहित्याची तपासणी करण्यासाठी मी गेलो होतो. तेथील वृद्ध तंत्रज्ञाच्या सूक्ष्मदर्शकाला ओरखडा पडलेले भिंग होते. मी ते बाद ठरविले आणि भांडारातील दुसरे एक स्वच्छ भिंग त्यांना देवविले. "साहेब, माझे तेच राहू द्या," असे ते दोनदा म्हणाले. नव्या वस्तूविषयी जुन्या माणसांना असलेली अढी, असा मी त्याचा अर्थ लावला. पुढच्या काही महिन्यांत तेथील हिवतापाचे आकडे उतरले आणि ती पत्रके वर पाठविताना मला समाधानच वाटले. मग त्याच काचपट्ट्या फेरतपासणीसाठी अन्यत्र गेल्या, तेव्हा निर्दोष म्हणून नोंदलेल्या कित्येक थेंबांत जंतू सापडले. आकडे उतरले होते, रोग उतरला नव्हता. मी त्या गृहस्थांच्या गोपनीय अहवालात लिहिले: 'काम संथ, दृष्टी मंदावली आहे.' एका थेंबात शंभर क्षेत्रे पाहिल्यावाचून नकाराची नोंद न करणारा माणूस संथ दिसणारच, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

आता मात्र मी सावकाश बसलो. नेत्रभिंग नळीतून काढून उलटे धरले की त्याचे उत्तम हातभिंग होते. त्यातून ओरखडा पाहिला. काचेच्या मध्यापासून कडेपर्यंत गेलेली ती रेघ एखाद्या नांगरटीसारखी दिसली. परंतु वस्तुभिंगाच्या तोंडावरचा ओरखडा चित्रात उमटत नसतो. तो थोडा प्रकाश विखुरतो, आणि चित्र किंचित फिके पडते, इतकेच. त्यातही हे भिंग तेलाचे. या तेलाचा वक्रीभवनांक सुमारे १.५१५, म्हणजे काचेच्या अगदी जवळचा. थेंब पडला की तो ओरखड्यात शिरतो, आणि प्रकाशाच्या दृष्टीने तेथे ओरखडा जवळजवळ उरतच नाही. आपल्या भाषेत तेलाला आणि मायेला 'स्नेह' हा एकच शब्द आहे, याचे मला त्या वेळी मोठे नवल वाटले.

मग लखलखीत भिंग हाती घेतले. त्याची मागची बाजू डोळ्याशी धरून खिडकीकडे पाहिले आणि हळूहळू कलते केले. आत, कडेला, इंद्रधनुष्याच्या रंगांचा एक नेच्याच्या पानासारखा डाग उमटला. अशा भिंगात अनेक काचा असतात आणि त्यांतील काही जोड्या पूर्वी कॅनडा बाल्सम नावाच्या राळेने चिकटवीत. ही राळ वयाने वा उष्णतेने सुटली की दोन काचांमध्ये हवेचा पापुद्रा शिरतो. बाहेरून काहीच दिसत नाही. तेथे कोणतेही तेल पोचत नाही, आणि पुसावे म्हटले तर बोटही.

शेवटची परीक्षा ताऱ्याची. चांदीचा अतिपातळ थर दिलेल्या काचपट्टीवरचे, सुईच्या टोकाहूनही बारीक असे छिद्र खालून उजळले की ते ताऱ्यासारखे दिसते. नळी किंचित वरखाली करताना त्याभोवती वलये फुलतात. ती दोन्ही बाजूंना सारखी आणि समकेंद्र फुलली, तर आतल्या काचा आपापल्या जागी आहेत, असे समजावे. ओरखड्याच्या भिंगातून वलये तळ्यात खडा पडावा तशी उमटली. लखलखीत भिंगातला तारा मात्र धुक्यात लोंबला होता आणि त्याला एका बाजूला शेपूट फुटले होते. रक्ताची तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनांची. तिच्यातील कोवळ्या जंतूचे कडे तिच्या पाचव्या हिश्श्याएवढे. एवढी वस्तू या धुक्यात सहज हरवते.

हैदराबादेत राहणाऱ्याला अशा वेळी रोनाल्ड रॉस आठवल्यावाचून राहत नाही. तोही बदलीचा सरकारी नोकरच. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस त्याने डासाच्या जठरात हिवतापाचा जंतू पाहिला, तेव्हा त्याच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजलेले होते आणि उरलेले एकमेव नेत्रभिंग तडकलेले होते. त्या दिवसांत मी तेथे तपासणीस गेलो असतो, तर ते यंत्र बाद केले असते, यात मला शंका नाही.

त्या जुन्या प्रयोगशाळेत दिलेले स्वच्छ भिंग मी पुन्हा पाहिले ते वर्षभराने, सहज म्हणून, खिडकीपाशी उभा राहून. त्यातही असाच रंगीत डाग होता. तोवर ते तंत्रज्ञ निवृत्त झाले होते. मी पत्र लिहून क्षमा मागितली. त्यांचे दोन ओळींचे उत्तर आले, त्यात माझ्या मुलाबाळांची चौकशी होती. अहवालातील ती ओळ मात्र तशीच राहिली. आणि ज्यांच्या थेंबांत जंतू होते व ज्यांना आम्ही काही नाही म्हणून घरी पाठविले, त्यांना लिहावयास माझ्याजवळ पत्ते नव्हते.

लखलखीत भिंग मी आज परत केले. दुसरे कापसात गुंडाळून भाचीकडे धाडीत आहे. सोबत जुन्या सवयीने एक चिठ्ठी ठेवली आहे: 'पुढच्या काचेवर ओरखडा आहे. दृष्टी स्वच्छ आहे. काम संथपणे करावे.'