राजगृह आणि आपली अर्धी नावे

नाशिकच्या गंगापूर रोडला किंवा कॉलेज रोडला भाड्याने घर शोधणाऱ्या आपल्या तरुणाला एजंट पहिला प्रश्न भाड्याचा विचारत नाही. "पूर्ण नाव काय?" असे विचारतो. आडनावावरून अंदाज लागला नाही तर "मूळ गाव कुठलं?" आणि तेवढ्यानेही भागले नाही तर "नॉनव्हेज खाता का?" या तिसऱ्या प्रश्नापर्यंत गोष्ट आली की समजावे, फ्लॅट "कालच गेला" आहे. ज्यांचे आडनाव गावावरून पडलेले आहे, शेवटी 'कर' आहे, ते समोरच्याला काय समजायचे ते समजू देतात. काही घरांत बाबासाहेबांचा फोटो हॉलमधून आतल्या खोलीत जातो. त्या पोरांना नावे ठेवायला आम्ही हे लिहीत नाही. अकरा महिन्यांचा करार आणि डिपॉझिटचे पैसे ज्याचे अडकलेले असतात त्याला स्वाभिमानावर भाषण देणे सोपे असते. पण या लपण्याचा इतिहास आपल्याकडे आहे, आणि तो खुद्द बाबासाहेबांच्या घरांचा इतिहास आहे.

१९१७ साली कोलंबिया आणि लंडन पाहून आलेला हा विद्वान बडोद्याला नोकरीवर गेला, तेव्हा त्याला राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत त्यांना पारशी नाव घेऊन राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. हिंदू मित्राने नोकर निघून जातील म्हणून नकार दिला, ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारावे लागेल म्हणून टाळले. शेवटी सामान घेऊन त्यांना बागेत बसावे लागले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आज 'कर' लावून घर मिळवणारा आपला तरुण त्याच धर्मशाळेत उभा आहे, एवढेच आमचे म्हणणे.

त्यानंतर साधारण सोळा वर्षांनी, १९३३ च्या सुमारास, दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले. हिंदू कॉलनी म्हणजे काय, हे सहा डिसेंबरला गर्दीत तिथून जाताना लक्षात येत नाही. एरवी कधी जाऊन पाहा. दादर स्टेशनच्या कोलाहलापासून दहा मिनिटांवर झाडांच्या गल्ल्या, दोन-तीन मजली जुन्या देखण्या इमारती, रुंद जिने, हवेशीर बाल्कन्या. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही वस्ती मुख्यतः सवर्ण, शिकलेल्या मध्यमवर्गाची.

ही वस्ती आकाशातून पडली नाही. १८९६ च्या प्लेगनंतर इंग्रज सरकारने १८९८ साली मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. या ट्रस्टने दादर-माटुंग्याला आखीव रस्ते पाडले, प्लॉट दिले. याच ट्रस्टने कामगारांसाठी चाळीही बांधल्या. परळच्या पोयबावाडीतली बीआयटी चाळ ती हीच, जिच्या दोन खोल्यांत बाबासाहेबांच्या संसाराची वीसेक वर्षे गेली. 'बीआयटी' ही त्या ट्रस्टची इंग्रजी आद्याक्षरे. म्हणजे एकाच कचेरीच्या नकाशावर एकीकडे सामाईक नळ आणि सामाईक संडास, दुसरीकडे स्वतंत्र ब्लॉक. परळहून दादरला पायी जाता येते, पण ते अंतर कापायला बाबासाहेबांना दोन डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी लागली.

स्वतंत्र ब्लॉक हा शब्दही नीट पाहिला पाहिजे. इतिहासकार निखिल राव यांचे दादर-माटुंग्याच्या फ्लॅटसंस्कृतीवर चांगले पुस्तक आहे, इंग्रजी वाचणाऱ्या कार्यकर्त्यांनी ते मिळवावे. फ्लॅट म्हणजे संडास घराच्या आत, आणि सोवळे पाळणाऱ्या घराला हे मानवणे सोपे नव्हते. त्या काळच्या मुंबईच्या कित्येक इमारतींना मागच्या बाजूने लोखंडी गोल जिना असे. संडास साफ करणारा माणूस त्या जिन्याने यायचा आणि त्याच जिन्याने जायचा. पुढचा नक्षीदार जिना रहिवाशांचा. 'जुन्या मुंबईचे सौंदर्य' म्हणून या इमारतींच्या पुढच्या बाजूचे फोटो निघतात, मागच्या जिन्याचा फोटो सहसा कोणी काढत नाही. आजच्या टॉवरमध्ये कामवाल्या बाईंसाठी वेगळी लिफ्ट असते, ती या जिन्याची नात आहे.

अशा वस्तीत, ज्यांच्या जातभाईंना मागच्या जिन्याचीच वाट ठरलेली होती, त्यांच्यापैकी एकाने स्वतःची इमारत बांधली, आणि ती मुख्यतः पुस्तकांसाठी बांधली. नाव ठेवले राजगृह, मगधाच्या जुन्या राजधानीचे, बुद्धाच्या पायाखालच्या नगरीचे. येवल्याच्या घोषणेला तेव्हा अजून दोन वर्षे होती आणि काळाराम मंदिराचा सत्याग्रह संपला नव्हता. इकडे आमच्या नाशकात देवळाचे दार बंद होते, तिकडे दादरला पुस्तकांचे दार उघडत होते. त्यांनी बांधलेली दुसरी इमारत 'चार मिनार' पुढे विकावी लागली, राजगृह राहिले. २७ मे १९३५ रोजी माता रमाई याच घरात गेल्या. त्यानंतर साडेचार महिन्यांनी, १३ ऑक्टोबरला, बाबासाहेब येवल्यात बोलले. ६ डिसेंबर १९५६ नंतर त्यांचे पार्थिव दिल्लीहून याच दारात आले.

आपल्यातले काही जण म्हणतात, शिकले-सवरले, फ्लॅट घेतला, वस्ती विसरले. १९५६ च्या आग्र्याच्या भाषणाचा दाखला देतात. दाखला खरा आहे, पण त्यातून वस्तीतच राहावे असा निष्कर्ष काढणे चुकीचे. खेड्यात किंवा गंजमाळच्या भीमवाडीत अडकून राहणे ही क्रांती नव्हे. गावोगावी आपल्या वस्तीला 'राजवाडा' म्हणतात, तो राजवाडा कोणी हौसेने निवडलेला नाही. प्रश्न फ्लॅटचा नाही, दारावरच्या पाटीचा आहे. हिंदू कॉलनीतल्या त्या घरावर नाव लपवलेले नव्हते. म्हणून तर ७ जुलै २०२० ला तिथे कुंड्या आणि काचा फोडायला माणसे आली.

आता कायद्याचे. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५, याच्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत घर बांधणे, घेणे किंवा त्यात राहणे यापासून अस्पृश्यतेच्या कारणाने रोखणे हा गुन्हा आहे. कलम १२ त्याहून महत्त्वाचे: अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असे कृत्य झाले तर ते अस्पृश्यतेतूनच झाले असे न्यायालयाने गृहीत धरायचे, उलट सिद्ध करणे समोरच्याचे काम. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे "तुम्ही तर धर्म बदलला" हे पोलीस ठाण्यात ऐकून परत फिरायचे कारण नाही. फ्लॅट विकत घेतल्यावर सोसायटीने सभासदत्व अडवले तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम २३ आहे: पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही, आणि नाकारले तर निबंधकाकडे अपील होते. उलट बाजूही सांगून ठेवतो. २००५ साली अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारी पोटनियमातली अट मान्य केली. बिल्डरांच्या वकिलांना हा निकाल पाठ असतो. आपल्याला कलम ४ सुद्धा पाठ नसते.

अडचण पुराव्याची आहे. एजंट जातीचे नाव घेत नाही, "मालकांना व्हेज फॅमिली हवी" म्हणतो. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात फोन करून आणि प्रत्यक्ष जाऊन भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तीच पद्धत आपल्याला वापरता येते. एकाच फ्लॅटसाठी, सारख्याच पगाराची दोन माणसे, एक आपल्या नावाची आणि एक दुसऱ्या नावाची, एकाच दिवशी पाठवायची. आपल्याला "गेला" आणि दुसऱ्याला "कधी येताय बघायला?" असे उत्तर मिळाले की वेळ, नंबर, मेसेजचे स्क्रीनशॉट जपून ठेवायचे. नाशिक रोड, सातपूर, पंचवटी इथल्या ज्या पोरापोरींना असे जोडीने जायचे आहे त्यांनी आम्हाला कळवावे, दुसऱ्या नावाची माणसे आमच्याकडे आहेत. जाताना स्वतःचे नाव मात्र पूर्ण सांगायचे.

जय भीम!