समुद्राचा सातबारा

शाळेच्या भूगोलात 'समुद्रबूड जमीन' हा शब्द आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. किनाऱ्यापासून हळूहळू उतरत गेलेल्या, पाण्याने झाकलेल्या खंडाच्या कडेला हे नाव होते. अलीकडची पुस्तके तिला 'भूखंडमंच' म्हणतात. नवा शब्द शास्त्रीय खरा; पण जुन्या शब्दात एक विधान दडलेले होते : बुडाली तरी ती जमीनच. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराचे ७६ वे कलम तरी वेगळे काय सांगते? किनारी राष्ट्राच्या भूप्रदेशाचा पाण्याखालचा नैसर्गिक विस्तार, अशीच ही कल्पना तेथे मांडली आहे. आणि जमीन म्हटली की तिच्यामागोमाग मालक, वाट, बांध आणि तंटा हे आलेच.

कळंबला राहून मराठी शिकवणाऱ्या आम्हांला या विषयाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. जिल्हा रायगड म्हणजे किनाऱ्याचा खरा, पण आमचा कर्जत तालुका सह्याद्रीच्या पायथ्याचा. येथली पोश्री उल्हासला मिळते, उल्हास वसईच्या खाडीतून समुद्र गाठते. समुद्र मात्र आमच्याकडे येतो तो सुक्या मासळीच्या टोपलीतून. तरीही व्यावहारिक मराठीच्या तासाला याच कराराचे ७९ वे कलम आम्ही अनुवादासाठी देतो. समुद्रतळावरील तारा आणि नळवाहिन्या हा त्याचा विषय. 'सागर सम्राट'ने १९७४ मध्ये मुंबई हायला तेल शोधले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९७८ पासून ते तेल समुद्रतळावरच्या वाहिनीने आमच्याच जिल्ह्यातील उरणला येऊ लागले. ज्या कायद्याचे एक टोक आपल्या जिल्ह्यात जमिनीला लागते, तो आपल्या भाषेत वाचता यावा, एवढीच त्यामागची इच्छा.

पहिली अडचण पहिल्याच संज्ञेला येते. इंग्रजीतील 'स्टेट'ला विद्यार्थी सहज 'राज्य' लिहितात. मग 'किनारी राज्याचे हक्क' म्हणजे महाराष्ट्राचे, गोव्याचे, गुजरातचे हक्क असा अर्थ होतो, आणि तो नेमका उलटा आहे. आपल्या राज्यघटनेच्या २९७ व्या अनुच्छेदानुसार प्रादेशिक समुद्र, समुद्रबूड जमीन आणि अनन्य आर्थिक क्षेत्र यांतील संपत्ती संघराज्याकडे निहित आहे. १२ सागरी मैलांच्या आत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, मासेमारीचे नियमन महाराष्ट्र शासन आपल्या १९८१ च्या कायद्याने करते. त्याच पाण्याच्या तळाखालचे तेल मात्र दिल्लीचे. एकाच होडीखाली दोन सरकारे असतात, हे 'राष्ट्र' की 'राज्य' या एका शब्दाच्या निवडीतून वर्गाला उमगते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. प्रादेशिक समुद्रावर राष्ट्राचे 'सार्वभौमत्व' असते. त्यापलीकडच्या समुद्रबूड जमिनीवर असतात ते केवळ 'सार्वभौम हक्क', तेही तिच्यातील नैसर्गिक संपत्ती शोधण्यापुरते आणि वापरण्यापुरते. नाम गेले, विशेषण उरले. व्याकरणातला हा लहानसा फरक सागरी कायद्यात शेकडो मैलांचा होतो. या विशेषणाच्या प्रदेशात कोणत्याही राष्ट्राला आपली नळवाहिनी टाकता येते. किनारी राष्ट्राने तिला अटकाव करावयाचा नाही. मात्र तेलाचा शोध, संपत्तीचा वापर आणि वाहिनीपासून होणारे प्रदूषण यांसाठी वाजवी उपाय योजण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो, आणि वाहिनी कोणत्या मार्गाने जावी याला त्याची संमती लागते. तारांना ही संमती लागत नाही. वाहिनी प्रादेशिक समुद्रात शिरताच अटी सर्वस्वी किनारी राष्ट्राच्या. मुंबई हायची वाहिनी किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरून, म्हणजे बरीचशी विशेषणाच्या प्रदेशातूनच येते. पण ती आपल्याच संपत्तीच्या वापरासाठी असल्याने तिच्यावर भारताचा पूर्ण अधिकार चालतो. आपल्या १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्यातही परकीय वाहिनीला अटकाव नाही, पण मार्गाला केंद्र सरकारची संमती हवी, हीच तरतूद आहे. तो कायदा करारापेक्षा सहा वर्षांनी जुना.

हे कलम वर्गात समजावताना मागच्या बाकावरून एक विद्यार्थी म्हणाला, "सर, हे आमच्या शेतासारखंच आहे. सातबारा आमच्या नावाचा, पण 'इतर हक्कां'त कंपनी बसलीय." त्याच्या घरच्या शेताखालून वायुवाहिनी गेली आहे. असल्या वाहिन्यांसाठी १९६२ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात जमिनीची मालकी जात नाही. जातो तो 'वापराचा हक्क'. त्या पट्ट्यात पीक घेता येते, पण घर बांधता येत नाही, विहीर वा तळे खणता येत नाही, झाड लावता येत नाही. नुकसानीखेरीज मोबदला मिळतो तो जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के. "अटकाव न करणे म्हणजे काय, ते आमच्या आजोबांना विचारा," असे तो हसत म्हणाला. वर्गही हसला, आम्हांला मात्र त्यानंतर कलम ७९ दुसऱ्या कोणत्याही रीतीने शिकवता आलेले नाही. ते कलम म्हणजे समुद्राच्या सातबाऱ्यावरचा 'इतर हक्कां'चा रकाना आहे.

फरक आहे तो बळाचा. बाल्टिक समुद्रातील दुसऱ्या नॉर्ड स्ट्रीम वाहिनीचा पहिला मार्ग डेन्मार्कच्या प्रादेशिक समुद्रातून जात होता. त्या देशाने २०१८ च्या आरंभी अमलात आलेल्या कायद्याने परराष्ट्र धोरणाच्या कारणावरून अशी परवानगी नाकारण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. पुढे वाहिनीवाल्यांनी तो मार्ग सोडला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांना बॉर्नहोम बेटाच्या आग्नेयेकडून, म्हणजे केवळ समुद्रबूड जमिनीवरून, परवानगी मिळाली. तेथे नकार देणे अवघड होते. पण मार्ग वळवण्याइतके बळ किनाऱ्यावरच्याला होते. शेतकऱ्याला हरकत नोंदवता येते. वाहिनी वळतेच असे नाही.

आणि कोळ्याचे काय? हा प्रश्नही वर्गातलाच. आमच्या किनाऱ्यावर डोल जाळी समुद्रतळात खुंटे ठोकून लावतात. ती जागा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने ठरलेली असते. ७९ व्या कलमात या वहिवाटीला स्थान नाही. कोळी करारात भेटतो तो ११५ व्या कलमात : वाहिनी वा तार वाचवण्यासाठी कोणी आपला नांगर वा जाळे गमावले आणि आधी योग्य ती खबरदारी घेतली होती असे सिद्ध केले, तर वाहिनीच्या मालकाने भरपाई द्यावी. तारांपुरती हीच तरतूद १८८४ च्या पॅरिस करारातही होती. म्हणजे कायद्याला जाळे दिसते ते तुटल्यावर. जानेवारी २०११ मध्ये मुंबई हाय ते उरण या मुख्य वाहिनीला गळती लागली. तेलामुळे मासळी दुरावते तेव्हा जाळे शाबूत असते आणि रिकामे असते. अशा रिकाम्या जाळ्यासाठी ११५ व्या कलमात शब्द नाही.

साहित्याच्या अध्यापकांनी येथे थांबावे, पुढचे काम वकिलांचे, असे म्हणणे सोपे आहे. परंतु 'वापराचा हक्क', 'अटकाव', 'वाजवी' हे शब्द नोटिशीत येतात, आणि ती नोटीस ज्याच्या दारात येते तो बहुधा आपल्याच विद्यार्थ्याचा बाप किंवा आजोबा असतो. 'रीझनेबल'साठी त्या विद्यार्थ्याने 'वाजवी' हा शब्द निवडला होता. दुसऱ्याने 'तर्कसंगत' लिहिले होते. आम्ही 'वाजवी' ठेवला. तर्कसंगत काय ते न्यायालय ठरवते. वाजवी काय आहे आणि काय नाही, हे बांधावर उभ्या असलेल्या माणसालाही सांगता येते.