अ.पा.क.

बांधाच्या दाव्यासाठी विट्याच्या कोर्टात माझ्या खेपा चालल्या होत्या. साल २००४. भावकीतल्या एकानं बांध कोरत कोरत माझी चार तासं आपल्या रानात घेतली होती. वकीलसाहेब वयस्कर, बोलायला सावकाश. वकीलपत्रावर सही करताना कागद उडू नये म्हणून मी डावा हात वर ठेवला. दोन बोटं नाहीत आणि अंगठ्याचं पुढचं पेर नाही, हे त्यांनी तेव्हा पाहिलं.

"कडबाकुट्टीत गेली काय?"

"न्हाई साहेब. दुष्काळात गेली. लहानपणी."

आमच्याकडं 'दुष्काळात' म्हटलं की १९७२ च्या पुढचं सांगावं लागत नाही. आटपाडी, खानापूर, पलीकडं सातारा जिल्ह्यातलं माण, खटाव, सगळा मुलूख तेव्हा खडी फोडत होता. आमच्या गावाजवळ तलावाचं काम निघालं होतं. वडील आणि आई दोघंही कामावर. मी अकरा वर्षांचा. शाळा असून नसल्यासारखी, म्हणून आईबरोबर जायचो. दुपारी सुकडी मिळायची. खरं सांगायचं तर मी सुकडीसाठी जायचो. घरी मिलोची तांबडी भाकरी, ती घशाखाली उतरायची नाही. सुकडी गोड लागायची.

१९७३ च्या उन्हाळ्यात एक दिवस खडक फोडायला सुरुंग उडवले. सगळे उडाले की नाही हे मोजायचं काम ज्याचं, त्यानं ते मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी दगडांच्या ढिगात मला एक चकचकीत नळी सापडली. पेन्सिलीएवढी जाड, बोटाएवढी लांब. आमच्याकडं तिला केप म्हणतात. मला कुठलं ठाऊक? आत काय आहे बघावं म्हणून ती दगडावर धरली आणि वरून दुसरा दगड घातला.

पुढचं फारसं आठवत नाही. आई धावत आली, तिच्या हातात हातोडी तशीच होती, एवढं आठवतं. ट्रकमधून नेलं. पंधरा दिवस दवाखान्यात होतो. घरी आल्यावर कामावरच्या माणसानं वडिलांना चाळीस रुपये दिले आणि कागदावर अंगठा घेतला. कागदावर काय लिहिलं होतं ते वडिलांनी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी दोघंही परत कामावर. न जाऊन करणार काय? त्याच कामानं आम्हाला जगवलं, हे मी आजही नाकारत नाही. ते काम नसतं तर बोटं राहिली असती, पण पोरगं राहिलं असतं का, हे सांगवत नाही.

वकीलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दावा का नाही केला?"

मला हसू आलं. सरकारवर दावा? आमच्या वडिलांना तलाठ्यापुढं चप्पल घालून उभं राहवत नव्हतं.

त्यांनी वकीलपत्राचाच एक रद्दी कागद उलटा केला आणि मला हिशेब मांडून दाखवला. मुदतीचा कायदा १९६३ चा. पोर अज्ञान असताना नुकसान झालं, तर मुदत थांबून राहते, हे कलम ६. अठरा पुरी झाली की ती चालू होते आणि तिथून जास्तीत जास्त तीन वर्षं, हे कलम ८. सरकारवर दावा म्हणजे आधी दोन महिन्यांची नोटीस. "तुमचा जन्म १९६२ चा. म्हणजे ताणून ताणून १९८३. त्याच्यापुढं दार बंद. सरकारी वकील गप्प बसला तरी कोर्टाला स्वतःहून दावा काढून टाकावा लागतो. उशीर माफ करायचा अर्जही दाव्याला चालत नाही."

मी विचारलं, "आणि ह्या बांधाला?"

"जमिनीच्या ताब्याला बारा वर्षं. तुम्ही मुदतीत आहात."

"आणि सरकारनं आपल्यावर दावा लावायचा म्हटलं तर?"

"तीस."

चार तासांना बारा वर्षं, बोटांना तीन. कायदा करणाऱ्यांनी काहीतरी विचार केला असेल. साक्षीदार मरतात, कागद कुजतात, जुनी मढी किती उकरायची, हे मलाही कळतं. पण ती मुदत मी सज्ञान झालो त्या दिवशी चालू झाली, आणि त्या दिवशी मला कुणी सांगितलं?

एसटीत बसल्यावर मी ती तीन वर्षं आठवत राहिलो. अठरा पुरी झाली तेव्हा गावातल्या पोरांबरोबर साताऱ्याला भरतीला गेलो होतो. दहावी पास होतो, पळायला चपळ होतो. डावा हात मागं धरून रांगेत उभा राहिलो. पहिल्याच माणसानं 'हात पुढं' म्हटलं आणि मी बाहेर. त्या रात्री स्टँडवर झोपलो. १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप झाला, चुलता ट्रंक घेऊन गावी परत आला, खाणारी तोंडं वाढली. १९८३ ला माझं लग्न. त्यात माझी मुदत कधी संपली, पत्ताही लागला नाही.

पैशाचं म्हणाल तर मला तेवढं वाईट वाटलं नाही. मिळाले असते हजार-दोन हजार, तेही किती वर्षांनी कोण जाणे. मला आठवली ती आई. वडील १९७६ ला वारले. सातबाऱ्यावर आम्हा भावंडांची नावं लागली तेव्हा प्रत्येक नावापुढं 'अज्ञान, अ.पा.क. आई' असं होतं. अज्ञान पालनकर्ता. ते मी शाळेत असताना तिला वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली होती, "लिवलंय ते खरं हाय. पालन करायचं सोडून मी खडी फोडीत बसले." मला तेव्हा वाटलं, ती असंच काहीतरी बोलते.

पण ती जन्मभर तेच बोलली. नातवाला कुणी दगडाशी खेळू दिलं की तिचा आवाज चढायचा. माझ्या हातावर भाकरी ठेवताना ती दुसरीकडं बघायची. एखाद्या न्यायाधीशानं कागदावर लिहिलं असतं की चूक सुरुंग उडवून केपा न मोजणाऱ्याची, ह्या बाईची नव्हे, तर मी तो कागद तिला वाचून दाखवला असता. तिनं मानलं असतं की नाही ठाऊक नाही. पण शिक्क्याच्या कागदाला ती मानायची.

विट्याहून आलो त्या संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "म्हंजी आपुन जाऊ शकत हुतो?"

"व्हय. तुझ्या नावानं. माझ्या वतीनं तूच दावा लावायचा होतास, पालनकर्ता म्हणून."

बोललो आणि लगेच जीभ चावली. तिच्या डोक्यावर मी आणखी एक ओझं ठेवलं होतं. ती काही बोलली नाही. लसूण सोलून झाल्यावर सालं गोळा करून चुलीत टाकली.

बांधाचा निकाल सात वर्षांनी माझ्या बाजूनं लागला. आई त्याआधीच, २००९ ला गेली.

२०१२ च्या दुष्काळात मी ग्रामपंचायतीत सदस्य होतो. कामं निघाली तेव्हा रोजगार हमीच्या केंद्राच्या कायद्याचं पुस्तक पंचायतीत होतं, ते चाळलं. रोजगार हमी आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली, त्यामुळं तिच्याबद्दल मला उगीच घरचं कार्य असल्यासारखं वाटतं. परिशिष्टात एक ओळ सापडली : कामावरच्या माणसाबरोबर आलेल्या मुलाला इजा झाली तर औषधोपचार फुकट, आणि अपंगत्व आलं किंवा मूल दगावलं तर सानुग्रह रक्कम. मजुराबरोबर आलेलं मूल. म्हणजे कुणाला तरी आम्ही दिसलो होतो.

मी ग्रामसेवकाला म्हटलं, कामावर येणाऱ्या पोरांची नावं लिहून ठेवा. तो म्हणाला, मस्टरला तसा रकाना नाही. मग मी दोनशे पानी वही आणली आणि रोज सकाळी स्वतः जाऊन लिहायला लागलो. नाव, वय, कुणाबरोबर आलं. पहिल्या दिवशी चौदा पोरं होती. एका बाईनं विचारलं, "आण्णा, पोरांची कशापायी लिवताय? त्यांना पगार देणार काय?"

"न्हाई," मी म्हटलं. "ती इथं होती एवढं असू दे कागदावर."